पन्नाशीनंतरचा कोरा कागद

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एका मॅडमचा सेवापूर्तीचा कार्यक्रम झाला. नेहमीसारखाच, शाल, श्रीफळ, गुच्छ, गणपतीची मूर्ती, समोसा-वेफर्स-पेढ्याची प्लेट आणि सात-आठ भाषणं. जो उठला त्याने शेवटी हेच म्हटलं की मॅडम खूप केलंत, आता आराम करा, नातवंडांत रमा, तीर्थयात्रा करा. मॅडम हसून मान डोलवत होत्या. नंतर हात धुवायला बेसिनपाशी आम्ही दोघीच होतो तेव्हा हळूच म्हणाल्या, "अगं, सोमवारी सकाळी साडेनऊला मी काय करायचं?" मला काही उत्तर सुचलं नाही. पस्तीस वर्षांची नोकरी, सेक्शनमधली कुठली जुनी फाइल कुठल्या कपाटात आहे, कुठल्या साहेबांनी कधी काय शेरा मारलाय, बिलातली कुठली ओळ दोनदा बघायची, सगळं तोंडपाठ, आणि ते सगळं त्या संध्याकाळी रिक्षात बसून त्यांच्याबरोबर घरी गेलं कारण आमच्यापैकी कुणी ते शिकून घेतलं नव्हतं आणि त्यांनाही कुणी शिकवायला बसवलं नव्हतं.

मी 54 वर्षांची आहे. म्हणजे चार वर्षांनी ती शाल माझ्या खांद्यावर. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी लांबचा नाही आणि यावर थोडं मनापासून लिहायचंय.

आपल्याकडे या वयाबद्दल सार्वजनिक चर्चा होते ती बहुतेक एकाच प्रश्नावर, निवृत्तीचं वय 58 ठेवायचं की 60 करायचं. राज्य सरकारात वर्ग एक ते तीनला 58, शिपाई वगैरे वर्ग चारला 60. केंद्राने 1998 सालीच सगळ्यांना 60 केलं, मग आम्हाला का नाही, ही आमच्या संघटनांची जुनी मागणी आहे. दुसऱ्या बाजूला पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून पाच-पाच सहा-सहा वर्षं एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं म्हणतात की तुम्ही दोन वर्षं जास्त बसणार म्हणजे आमच्या जागा दोन वर्षं अडणार. मी सरकारी नोकरीत असूनही सांगते, मला त्या पोरांचं पटतं. माझ्या भाच्याने तीन अटेम्प्ट दिलेत, त्याच्या तोंडाकडे बघून मला "आम्हाला अजून दोन वर्षं द्या" असं म्हणवत नाही. पण "58 झाले, आता घरी बसा" हेही मला पटत नाही. आणि मला वाटतं दोन्ही बाजूंचा घोटाळा एकाच ठिकाणी होतोय, आपण खुर्ची आणि काम या दोन गोष्टी एकच धरून चाललोय. खुर्ची वेळेत सोडलीच पाहिजे, खरं तर 58 च्या आधीपासून सोडायला सुरुवात केली पाहिजे. काम मात्र सोडायचं कारण नाही. आणि पन्नाशीनंतर माणसाला जगण्याचं काही कारण सापडायचं असेल, थोडंफार शहाणपण यायचं असेल, तर ते खुर्ची सोडून पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली शिकायला बसण्यात आहे असं मला दिवसेंदिवस वाटायला लागलंय.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की शिकायचं वय का हे, आम्ही तर शिकवायच्या वयाचे, हे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय आणि आता माझ्याच तोंडून निघतं तेव्हा दचकते. कारण केस कशानेही पांढरे होतात. वय वाढलं की शहाणपण आपोआप येतं हे खरं असतं तर प्रत्येक सोसायटीच्या कमिटीत, प्रत्येक देवस्थानच्या ट्रस्टमध्ये, प्रत्येक सहकारी संस्थेच्या संचालक मंडळावर शहाणपण ओसंडून वाहिलं असतं.

आपल्या परंपरेने हे फार पूर्वीच सांगून ठेवलंय. चांगदेवांची गोष्ट सगळ्यांना माहितीये, चौदाशे वर्षं जगलेले योगी, ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं तर ज्ञानाने मोठे, ज्ञानाने मोठे म्हणून तीर्थरूप लिहावं तर वयाने पोर. शेवटी कोराच कागद पाठवला. आणि तो कागद बघून मुक्ताबाई म्हणाली की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला मुक्ताबाईचं कौतुक वाटायचं, चौदाशे वर्षांच्या म्हाताऱ्याला एवढीशी मुलगी कशी बोलली म्हणून. आता पन्नाशी ओलांडल्यावर मला चांगदेवांचं कौतुक जास्त वाटतं. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आलेला माणूस, केवढा मान, केवढा शिष्यपरिवार, आणि तो त्या वाघावरून उतरला आणि त्याने त्याच मुलीला गुरू केलं. ते उतरणं अवघड आहे हो. माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान मुलगा मला एक्सेल मध्ये काहीतरी दाखवतो तेव्हासुद्धा "हो हो, माहितीये मला" असं तोंडातून निघून जातं, माहिती नसताना.

आधुनिक अभ्यासही साधारण हेच सांगतो. बर्लिनच्या मॅक्स प्लँक संस्थेत पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहाणपणाचाच अभ्यास केला. लोकांसमोर आयुष्यातले अवघड पेच ठेवायचे, मोठ्याने विचार करायला सांगायचं आणि त्या विचारात किती समज आहे ते तपासायचं. त्यांना असं दिसलं की साधारण पंचविशी ते पंच्याहत्तरी या सगळ्या पट्ट्यात नुसत्या वयाचा शहाणपणाशी फारसा संबंध लागत नाही. म्हणजे म्हातारपणी बुद्धी नाठी होते हेही खोटं आणि म्हातारपणी आपोआप समज येते हेही खोटं. मला यातली पहिली अर्धी बाजू फार धीर देणारी वाटते. दुसरी बाजू जबाबदारी टाकणारी आहे, वय आपलं काम आपल्यासाठी करून देणार नाही.

मग काय करतं ते काम? याचं मला दिसलेलं सगळ्यात जवळचं उदाहरण माझे वडील.

अण्णा नाशिकच्या सातपूरमधल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते, फिटर म्हणून लागले आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. त्यांची ख्याती अशी की मशीन चालू असताना लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचे की हे बेअरिंग आठ दिवस काढेल किंवा हे आजच बदला. 2004 साली रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरात एक विचित्र शांतता आली. सकाळी सहाला उठायचे, दाढी करायचे, कपडे घालायचे आणि गॅलरीत बसायचे. फॅनचा आवाज ऐकून म्हणायचे बुश गेलंय. मिक्सरचा आवाज ऐकून म्हणायचे कार्बन झिजलेत. आई वैतागायची. आठ-नऊ महिने असे गेले, मग ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका, आता ज्या माणसाला कसलंच टेन्शन उरलं नव्हतं त्याला हे सांगून काय होणार.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. आयटीआय केलेला पंचविशीतला मुलगा चालवायचा, शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी यायच्या, उन्हाळ्यात तर रांग, व्होल्टेज कमी असलं की मोटारी जळतातच. अण्णा एकदा सहज तिथे उभे राहिले आणि एका दुरुस्त झालेल्या मोटारीचा आवाज ऐकून त्या मुलाला म्हणाले की हिचं वाइंडिंग चांगलं केलंस पण मागचं बेअरिंग जातंय, महिन्यात परत येईल. ती खरंच परत आली. मग त्या मुलाने त्यांना बोलावलं, काका बसत जा ना. इथपर्यंत गोष्ट नेहमीची आहे, अनुभवी माणूस, तरुण पोरगा. मला सांगायचंय ते पुढचं आहे. अण्णांना वाइंडिंग येत नव्हतं. पस्तीस वर्षं मोटारी वापरल्या पण आतली तार कधी भरली नव्हती, कंपनीत ते काम बाहेर जायचं. आणि त्यांनी त्या मुलाला म्हटलं की मला हे शिकव. साठीला आलेला माणूस, एकेकाळी चाळीस लोकांचा सुपरवायझर, बुटक्या स्टुलावर बसून स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांमध्ये इन्सुलेशनचा कागद घालतोय, तांब्याच्या तारेचे वेढे मोजतोय, आणि तो मुलगा म्हणतोय, "काका, एक वेढा कमी पडला, सोडा आणि परत भरा." आणि अण्णा सोडायचे आणि परत भरायचे. मी एकदा डबा घेऊन गेले होते तेव्हा हे डोळ्यांनी बघितलंय. घरी भाजीत मीठ कमी पडलं तर आवाज चढवणारा माणूस तिथे "बरं बरं" म्हणत होता.

त्या दुकानात ते अकरा वर्षं बसले. पैसे किरकोळ मिळायचे, कधी नाहीही. पण अण्णा बदलले. पूर्वी ते सांगायचे, आता विचारायला लागले. मला म्हणायला लागले, तुला काय वाटतं? मी तेव्हा पस्तिशीत होते आणि माझ्या आयुष्यात माझ्या वडिलांनी मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. आम्ही भावंडं अजूनही म्हणतो की आम्हाला वडील साठीनंतर मिळाले. शहाणपण म्हणजे काय याची व्याख्या मला येत नाही, पण तो जो बदल झाला त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. आणि तो बदल कंपनीतल्या पस्तीस वर्षांच्या अनुभवाने झाला नव्हता, त्या बुटक्या स्टुलामुळे झाला.

कुणी म्हणेल ही एका घरातली गोष्ट झाली. मग सार्वजनिक आयुष्यातलं बघा. धोंडो केशव कर्व्यांचा जन्म 1858 चा. फर्ग्युसन कॉलेजातून ते 1914 साली निवृत्त झाले. हिंगण्याचा आश्रम उभा होता, विधवांच्या शिक्षणाचं काम झालं होतं, पुनर्विवाह करून त्यांनी समाजाचा बहिष्कार सोसला होता, इथे कुणीही म्हटलं असतं अण्णासाहेब खूप केलंत. त्यांच्या हातात जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पडली आणि 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. 1858 मधून 1916 गेले की किती राहतात? 58. ज्या वयाला आम्ही शाल देऊन घरी पाठवतो बरोबर त्या वयाला. तेच पुढे एसएनडीटी झालं. सत्तरी ओलांडल्यावर परदेशात फिरून आले, नव्या गोष्टी बघून आले. 1936 साली, 78 व्या वर्षी, खेड्यांत प्राथमिक शाळा निघाव्यात म्हणून मंडळ काढलं. 1944 साली, 86 व्या वर्षी, समता संघ. 1958 साली वयाच्या शंभरीत भारतरत्न मिळालं.

कर्व्यांबद्दल बोलताना आपण त्यांच्या चिकाटीबद्दल बोलतो, आणि ती होतीच. मला त्यांचं संस्थेतून बाजूला होणं जास्त शिकण्यासारखं वाटतं. एक संस्था उभी राहिली की ती सहकाऱ्यांच्या हवाली आणि स्वतः पुन्हा शून्यावर, पुन्हा वर्गणी, पुन्हा लोकांच्या दारात. कायम नवशिका. एक जाता जाता सांगते, याच कर्व्यांना मुलगा असताना मुरुडहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवत चालत जाऊन परीक्षेला बसू दिलं नव्हतं, का तर वयाच्या मानाने लहान दिसतो म्हणून. वयाकडे बघून माणसाला दारातून परत पाठवणं आपल्याकडे दोन्ही टोकांना चालतं.

कर्वे एखादेच होतात हे मान्य. म्हणून ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याचं नाव घेते. तिथे 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या, गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, पाटीवर अक्षरं. गावात पोथीचं वाचन चालायचं तेव्हा आम्हालाही वाचता आलं असतं तर, एवढ्या साध्या इच्छेतून हे निघालं. पेपरात फोटो आले तेव्हा सगळ्यांनी "किती गोड" म्हणून पुढे पाठवले. मला त्यात गोड काही वाटलं नाही, मला पोटात काहीतरी हललं. सत्तर वर्षं अंगठा उठवला, आणि सत्तरीत जाऊन सही शिकायची. त्यांना त्यातून नोकरी नाही, बढती नाही. अशा शिकण्यात जे मिळतं ते निव्वळ स्वतःचं असतं.

आता बायकांबद्दल, कारण वर मी "निवृत्ती निवृत्ती" म्हणतेय पण आपल्याकडच्या बहुतेक बायकांना ती नसतेच. आपल्याकडे बाईची पाळी साधारण 46-47 च्या आसपास जाते. तेच वय मुलांच्या बारावीचं किंवा घर सोडून जाण्याचं, तेच सासू-सासऱ्यांच्या आजारपणाचं. रात्री तीनला जाग येते, अंगातून वाफा निघतात, पंखा पाचवर करावा तर शेजारी नवऱ्याला थंडी वाजते, आणि त्या अंधारात डोक्यात एकच येतं की आता पुढे काय, माझी गरज कुणाला. याला आपल्याकडे फार तर "तिची चिडचिड होते हल्ली" असं म्हणतात. मी स्वतः दोन वर्षं असं काढलंय आणि घरात एकदाही धड बोलले नाही, आईशीसुद्धा नाही, आणि आईनेही तिच्या वेळी कुणाशी बोललं नसणार.

आणि त्यातून जरा बाहेर यावं तर नातवंडांचा नंबर लागतो. माझ्या ओळखीतल्या एक निवृत्त शिक्षिका, गणिताच्या, गेल्या सहा वर्षांत चार वेळा अमेरिकेला जाऊन आल्या. फिरायला नाही, सहा महिने मुलाकडे बाळ सांभाळायला आणि मग सहा महिने मुलीकडे पुण्यात. दरवेळी बॅगेत भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू. त्यांना नातवंडांचा लळा आहे, खोटं कशाला बोलू, पण त्या मला म्हणाल्या की कुणी मला विचारलं नाही गं, तिकीट काढून मेसेज केला. माझा सगळा मुद्दा त्या "विचारलं नाही" मध्ये आहे. आजीने नातवंड सांभाळणं यात कमीपणा अजिबात नाही, उलट पोरांना आजी मिळणं हे भाग्यच. पण आजीचा वेळ हा घरातला पडून असलेला, कुणीही उचलावा असा वेळ आहे, हे गृहीत धरणं चुकीचं आहे. त्यांना वाड्यातल्या पोरांना गणित शिकवायचं होतं, तिसऱ्यांदा ते राहून गेलं.

अजून एक गोष्ट न बोलता पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. उतारवयातला अर्थ, हेतू, समाधान हे शब्द पोट भरलेल्यांचे आहेत. आमच्या जुन्या सरकारी लोकांना पेन्शन आहे म्हणून आम्ही सोमवारी काय करू असा प्रश्न विचारू शकतो. अण्णांसारखे कंपनीतून निवृत्त झालेले लाखो लोक ईपीएस-95 या पीएफच्या पेन्शन योजनेत येतात आणि त्यातली किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपये आहे. एक हजार. त्यासाठी बुलढाण्यात म्हातारी माणसं वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसली. श्रावणबाळ योजनेत निराधार म्हाताऱ्यांना महिन्याला 1500 मिळतात, तेही 2023 मध्ये वाढवले म्हणून. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या आहेत, गुडघे गेलेत, त्यांना मी "नवीन काहीतरी शिका" म्हणू? त्यांना आराम हवाय आणि आराम मागण्याचा त्यांचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे. म्हणून मी जे मागतेय त्याच्या आधी हे मागते की ज्याचं आयुष्य अंगमेहनतीत गेलं त्याला म्हातारपणी जगता येईल एवढी पेन्शन मिळालीच पाहिजे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे लोक दहा टक्क्यांच्या जवळपास होते, त्यानंतर हा आकडा वाढतच जाणार, आणि स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान तिशीच्या जरा पुढे होतं ते आता सत्तरीच्या आसपास आलंय. ही जी वर्षं आपल्याला जास्तीची मिळाली त्यांचं काय करायचं हे आपण समाज म्हणून ठरवलेलंच नाही. एसटीत पंच्याहत्तरीच्या पुढे मोफत प्रवास आहे, चांगलंच आहे, कितीतरी म्हातारी माणसं त्यामुळे घराबाहेर पडली. पण बसमध्ये बसून जायचं कुठे हाही प्रश्न आहेच ना.

तर माझं म्हणणं असं की निवृत्तीची ही जी कड्यावरून उडी आहे ती बंद करा आणि तिथे उतार करा. 55 ला पद सोडा, सही करायचा अधिकार सोडा, केबिन सोडा, ती जागा पस्तीस-चाळीशीच्या माणसाला द्या. आणि पुढची तीन-पाच वर्षं पद सोडलेल्या माणसाला अर्धा दिवस, अर्ध्या पगारावर, नव्याने लागलेल्या दोन-तीन मुलांबरोबर बसवा. अट एकच की उरलेल्या अर्ध्या दिवसात त्याने स्वतः काहीतरी शिकायला जायचं, काहीही, पण जिथे शिकवणारा त्याच्यापेक्षा लहान असेल तर उत्तम. पैशाचं गणित जमेल का, तर अर्धा पगार वाचतो आणि नवी भरती लवकर होते, अगदीच न जमण्यासारखं नाही. अडचण पैशापेक्षा मनाची आहे हे मला माहितीये. पंचावन्नाव्या वर्षी सही गेली तर आमच्यातल्या कित्येकांना जीव गेल्यासारखं वाटेल, दारावरची पाटी गेली की माणूस कोण उरतो हे आम्हाला ठाऊकच नसतं, कारण तीस वर्षं सगळे आम्हाला साहेब आणि मॅडम म्हणत आले. पण हे कधीतरी होणारच आहे. 58 ला एका संध्याकाळी होण्यापेक्षा 55 पासून हळूहळू झालेलं बरं, आजूबाजूला माणसं असताना.

ज्येष्ठ नागरिक संघांबद्दलही एक बोलते. ते आहेत हे फार चांगलं आहे, एकटेपणावर त्यांच्याइतका उपाय दुसरा नाही, आमच्या अण्णांच्या संघाने आई गेल्यावर त्यांना सावरलं हे मी विसरणार नाही. पण तिथले कार्यक्रम बघा, वाढदिवस, सहल, मधुमेहावर व्याख्यान, हास्यक्लब, भजन. सगळं एकमेकांत, एकाच वयाच्या माणसांत. त्या हॉलमध्ये विशीतला एकही माणूस नसतो. आणि विशीतली मुलं जिथे असतात तिथे सत्तरीतला एकही नसतो. आपण सगळ्या वयांचे वेगवेगळे डबे करून टाकलेत आणि मग म्हणतो की पिढ्यांमध्ये संवाद राहिला नाही.

मी काय केलं ते सांगते, कारण दुसऱ्याला सांगायचं तर आधी स्वतः बसलं पाहिजे. गेल्या वर्षीपासून मी मोडी ही जुनी मराठी लिपी शिकतेय. शनिवारी दुपारी दोन तास. कारण घरगुती आहे, आमच्या पणजोबांचे काही कागद एका पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, सगळे मोडीत, घरात कुणालाच वाचता येत नाहीत. पण शिकायला लागल्यावर कळलं की हे फक्त आमच्या ट्रंकेपुरतं नाही. महाराष्ट्राच्या दफ्तरखान्यांत मोडीतले कोट्यवधी कागद पडलेत आणि वाचणारी माणसं हाताच्या बोटावर. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारे मिळेनात म्हणून धावपळ झाली. म्हणजे ज्या लिपीला आपण अडगळीत टाकलं होतं तिच्यावर हजारो घरांचे दाखले अडकून बसले होते. आता मला सांगा, निवृत्त शिक्षक, क्लार्क, तलाठी, ग्रामसेवक, अशी अक्षरांत आयुष्य गेलेली माणसं गावोगाव आहेत, त्यांच्याकडे वेळ आहे, धीर आहे, जुने शब्द माहिती आहेत. खरेदीखत, गहाणखत, फाळणी, चावर, हे शब्द विशीतल्या मुलाला समजावून सांगावे लागतात. या लोकांना कुणी एकदा तरी सांगितलं का की या, शिका, आणि आपल्याच जिल्ह्याचे कागद वाचा?

आमची मोडीची शिक्षिका 26 वर्षांची आहे. वर्गात आम्ही अकरा जण, त्यात पन्नाशीच्या पुढचे सहा. पहिल्या दिवशी तिने सांगितलं की आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग अक्षरं त्या रेघेला लटकवत जायचं, हात शक्यतो न उचलता. माझा हात सारखा उचलला जायचा. बालबोध म्हणजे आपली नेहमीची देवनागरी लिहायची पन्नास वर्षांची सवय, प्रत्येक अक्षर सुटं, प्रत्येक शब्दानंतर जागा. मोडीत शब्द सुटे नाहीत, विराम नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ कुणी पाळत नाही, आणि मला तर शुद्धलेखनाचा अभिमान, ऑफिसात सगळ्यांच्या टिपण्या मी दुरुस्त करते. ती मुलगी माझ्या वहीवर वाकून म्हणाली, "मावशी, तुम्ही वाचताय, ओळखत नाही आहात. आधी आख्खी ओळ बघा, मग अक्षर." मला राग आला होता, खरंच. घरी येऊन चहा करताना कळलं की ती बरोबर बोलत होती, आणि हे मला फक्त मोडीबद्दलच लागू होतं असं नाही.

अण्णा आता ऐंशीला टेकलेत, कानाने कमी ऐकू येतं, ज्या कानांवर त्यांनी आयुष्य काढलं तेच गेले. मी शनिवारी परत आले की विचारतात, काय शिकवलं आज पोरीने. मी वही दाखवते. गेल्या शनिवारी ट्रंकेतला एक कागद घेऊन बसलो आम्ही दोघं, मी चाळिशी लावून आणि ते भिंग घेऊन. शाई तपकिरी झालीये, एका कोपऱ्याला वाळवी लागलीये, मधली घडी फाटलीये. दीड तासात सव्वादोन ओळी लागल्या. शकाचा आकडा लागला, "लिहून देणार" एवढं स्पष्ट लागलं, पुढे पणजोबांचं नाव, आणि त्यानंतर एक शब्द आहे तो काही केल्या लागत नाही. अण्णा म्हणाले पोरीला विचार. फोटो काढून पाठवलाय तिला.